द्राक्षमद्य आणि कल्याणचें बंदर

उल्हासनदीच्या खोऱ्यांत द्राक्षमद्याची गोष्ट काढली, तर वाचकांस नवल वाटेल. अंबरनाथ म्हटलें कीं शके ९८२ च्या शिलालेखाचें शिवालय आठवतें. द्राक्षाचा वेल तेथें कोठून येणार? परंतु या गांवांच्या शेजारीं कल्याण आहे, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत कल्याणचें नांव आलें आहे. पूर्वीं खुलें असलेलें हें बंदर पुढें राजसत्ता पालटल्यावर अडविलें गेलें, व तेथें लागणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जाण्याचा संभव असे, असें ग्रंथकार सांगतो. भडोचास येणाऱ्या मालांत त्यानें मद्य गणलें असून त्यांत इटलीच्या मद्यास पसंती होती असें म्हटलें आहे. राजासाठीं उंची मद्य निराळें येई.

उंची म्हणजे काय, हें आजच्या मेर्लो द्राक्षावरून कळतें. फ्रान्सांतील बोर्दो प्रांताचें हें द्राक्ष लवकर पिकतें. त्याच्या मद्याचा तुरटपणा काबर्नेपेक्षां सौम्य असतो. ओक लांकडाच्या पिंपांतून थोडी हवा लागते, तुरट द्रव्यें एकत्र होऊन कालांतरानें गाळ होऊन बसतात, आणि जांभळा रंग विटकरी होतो. म्हणून जुनी बाटली एक दिवस उभी ठेवून मद्य सावकाश ओतावें, रंग उजेडांत पाहावा, आधीं वास घ्यावा, मग घोट. ‘खोलीच्या उष्णतेवर द्यावें’ हा युरोपचा नियम मात्र आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाहीं. त्याचा अर्थ सुमारें १६ ते १८ अंश. बदलापुरास वैशाखांत पारा चाळिशीस भिडतो, तेव्हां बाटली थोडी थंड करणेंच योग्य.

‘जुनें तें सोनें’ ही म्हणही येथें जपून वापरावी. बहुतेक मद्यें थोड्या वर्षांतच पिण्यासाठीं केलेलीं असतात. मुळांत कस असून अंधार, गारवा आणि स्वस्थता लाभली, तरच वय उपकारक होतें.

१९४९ सालीं निर्वासितांच्या कल्याण छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्याच सालीं मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला. पुढें २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनेंच द्राक्षमद्याच्या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण आंखलें. राज्यकर्त्यांचें मन असें पालटतें. मद्याचें पिंप व व्यापाराचें बंदर यांस मात्र दीर्घ स्वास्थ्य लागतें. कल्याणच्या बंदरास तें लाभलें नाहीं. घरदार सोडून त्याच्या शेजारीं आलेल्यांनीं तें नव्यानें मिळविलें, हें या भूमीचें भाग्य होय.