पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा अर्ज (गोवा, दमण, दीव)

पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा अर्ज : १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्या आईच्या वा वडिलांच्या जन्मनोंदीवरून अपत्याने पोर्तुगालचे राष्ट्रीयत्व मागण्याची रीत. बोलण्यात याला सरसकट ‘पोर्तुगीज पासपोर्ट काढणे’ म्हणतात; पण पासपोर्ट हे या कामाचे शेवटचे टोक होय. खरे काम नोंदणीचे, आणि तेही दोन पिढ्यांचे : आधी आईची किंवा वडिलांची, मग अपत्याची.

पार्श्वभूमी : डिसेंबर १९६१ मधील भारतीय लष्करी कारवाईनंतर गोवा, दमण, दीवमधील पोर्तुगीज सत्ता संपली, परंतु पोर्तुगालने हे मान्य केले ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. मधल्या तेरा वर्षांत त्याच माणसांवर दोन देश हक्क सांगत होते. भारत सरकारने २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, या प्रदेशात स्वतः जन्मलेल्या किंवा आईवडील, आजी-आजोबा यांपैकी कोणीही तेथे जन्मलेल्या व्यक्तीला २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानले. ज्याला जुने राष्ट्रीयत्व राखायचे असेल, त्याने महिन्याभरात तसे लेखी कळवायचे होते. असे कळवणाऱ्यांपैकी मोन्सिन्योर रेमेदियोस मोंतेरो या धर्मगुरूंचे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत गेले : राहण्याचा परवाना संपल्यावरही ते गोव्यातच राहिले, शिक्षा झाली, आणि जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला आहे हा त्यांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला.

पोर्तुगालने १९७५ मध्ये वसाहती सोडताना आफ्रिकेतील बहुसंख्य रहिवाशांचे राष्ट्रीयत्व संपवले. गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना मात्र इच्छा जाहीर करून ते राखण्याची वाट ठेवली. पुढे १९८१ च्या ३७ क्रमांकाच्या कायद्याने परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीज आईच्या वा वडिलांच्या अपत्याला, ‘मला पोर्तुगीज व्हायचे आहे’ असे जाहीर करून किंवा जन्म नोंदवून, राष्ट्रीयत्व मिळू लागले. आजचा अर्ज याच तरतुदीवर उभा आहे.

आईवडिलांची नोंद : गोव्यातील जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज भाषेत, हाताने, जाडजूड बांधीव वह्यांत लिहिलेल्या आहेत. तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयातून किंवा पणजीच्या पुराभिलेखागारातून त्या पानाची पूर्ण मजकुराची प्रत काढावी लागते. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे येथे लग्नेही नोंदवलेली असतात, त्यामुळे गोव्याच्या एखाद्या कुटुंबाचे कागद शेजारच्या सावंतवाडीतल्या त्यांच्याच सोयऱ्यांपेक्षा पुष्कळदा अधिक भरगच्च निघतात. ही प्रत लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जाते आणि तेथे त्या व्यक्तीची नवी नोंद होते. तिला ‘असेंतु’ म्हणतात. या असेंतुचा क्रमांक हाती आल्याशिवाय अपत्याचा अर्ज पुढे सरकत नाही.

अपत्याचा अर्ज : छापील अर्ज दिसायला सोपा असतो. मोठ्या अक्षरांत, चौकटीत एकेक अक्षर भरत जायचे : अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावे, त्यांच्या असेंतुचा तपशील. राष्ट्रीयत्व हवे असल्याची घोषणा छापलेलीच असते. सही पोर्तुगीज वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर करावी लागते किंवा रीतसर साक्षांकित करून घ्यावी लागते. अपत्य अज्ञान असेल तर त्याच्या वतीने आईवडील सही करतात. सोबत जन्मदाखला हवा, तोही दोन्ही पालकांची नावे असलेला पूर्ण स्वरूपातला, अपोस्तिलचा (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा) शिक्का मारलेला आणि पोर्तुगीजमध्ये भाषांतरित. भारत २००५ मध्ये अपोस्तिल करारात आला, तेव्हापासून या शिक्क्यावर भागते. एक अट मात्र अर्ज भरताना डोळ्यांआड होते : अपत्य आणि पालक यांचे नाते सामान्यतः अपत्य अज्ञान असतानाच कायद्याने सिद्ध झालेले असावे लागते. ज्याचा जन्मच विशी-पंचविशीत उशिरा नोंदवला गेला, त्याची फाइल इथे अडते.

नावांचा घोळ : या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट कायदा नव्हे, स्पेलिंग. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर पोर्तुगीज वर्णमालेत ‘के’, ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ ही अक्षरे नव्हती, आणि ‘श’ साठी ‘एक्स’ लिहीत. कारकुनाच्या लेखणीतून प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीम’, शेणवींचे ‘सिनाय’. मुक्तीनंतर मुले इंग्रजी-मराठी शाळांत गेली आणि दाखल्यांवर पुन्हा प्रभू, कामत झाली. आता वडील वहीत पोरोबो आणि मुलाच्या जन्मदाखल्यात प्रभू. तेव्हा हा मुलगा त्याच वडिलांचा, हे पटवायचे कसे? हिंदू स्त्रियांचे आणखी अवघड. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे जन्माच्या वहीतली दुर्गा मुलाच्या दाखल्यावर सरोजिनी असते. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ अशा प्रतिज्ञापत्रावर इथली कार्यालये बहुधा भागवून घेतात. लिस्बनच्या टेबलावर मूळ नोंदीशी जुळणारा कागदच लागतो. एजंटांची दुकाने चालतात ती अर्ज भरून देण्यावर कमी आणि ही नावे जुळवून देण्यावर जास्त.

परिणाम : पोर्तुगीज कायद्याप्रमाणे असे राष्ट्रीयत्व जन्मापासून लागू होते, म्हणजे लिस्बनच्या लेखी अर्जदार नवा पोर्तुगीज झालेला नसतो, तो आधीपासूनच होता आणि आता फक्त वहीत आला. दिल्ली तोच कागद उलटा वाचते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, आणि परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. पासपोर्ट न काढता केवळ लिस्बनला जन्म नोंदवला तर काय, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद आहे आणि निवडणुकीच्या तोंडावर तो हमखास वर येतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो. त्यानंतर ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड मिळू शकते, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही.

या वाटेने गेलेले बहुतेक लोक पोर्तुगालमध्ये थांबलेच नाहीत. पासपोर्ट पोर्तुगालचा, नोकरी इंग्लंडची, हा सरळ हिशेब होता. स्विंडन आणि साउथॉलमध्ये गोवेकरांची, लेस्टरमध्ये दमण-दीवच्या लोकांची वस्ती त्यातूनच वाढली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला, आणि हा हिशेब नव्याने येणाऱ्यांसाठी मोडला. उलट दिशेचा प्रवासही आहे : गोव्याशी पितृकुळाचे नाते असलेले पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांना जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरूत ओसीआय कार्ड देण्यात आले.

नातवंडांसाठी कायद्यात वेगळी वाट आहे, पण तिथे पोर्तुगीज भाषेचे ज्ञान लागते. त्यामुळे घरातला तरुण सहसा आधी वडिलांचीच नोंद करून घेतो. वडील १९६१ नंतर जन्मलेले असतील तर घोषणा त्यांनी स्वतः, हयातीत करावी लागते. म्हणून वकिलातीच्या रांगेत पुष्कळदा ज्याला कुठेच जायचे नाही असा साठीचा माणूस फाइल धरून उभा असतो, आणि ज्याला जायचे आहे तो बाहेर स्कूटर लावायला जागा शोधत असतो.