सात बायकांपासून पुढे: मुस्लिम सत्यशोधक मंडळाची वाटचाल

18 एप्रिल 1966 ला मुंबईत सात मुस्लिम बायका फलक घेऊन तेव्हाच्या कौन्सिल हॉलवर चालून गेल्या. तोंडी तलाक बंद करा, एकाहून जास्त लग्नांची मुभा काढा, सगळ्यांना एकच नागरी कायदा लावा, एवढंच त्यांचं मागणं. त्या सातजणींत मेहरुन्निसा दलवाई होत्या. मोर्चाची आखणी त्यांचे पती हमीद दलवाई यांची. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा कोकणी मुसलमान ‘इंधन’ कादंबरीचा लेखक; मराठीत लिहिणारा आणि मराठीतच वाद घालणारा. मुस्लिम सत्यशोधक मंडळ रीतसर स्थापन झालं ते चार वर्षांनी, 22 मार्च 1970 ला, पुण्यात. पण मंडळाची वाटचाल सांगायची तर सुरुवात त्या सातजणींपासूनच करावी लागते.

नाव घेतलं जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचं. सोबतीला पुण्याचे सय्यदभाई होते. त्यांच्या धाकट्या बहिणीला, खतिजाला, नवऱ्याने तोंडी तलाक देऊन घरी धाडलं होतं. तिचा गुन्हा काय, हे घरात कुणालाच सांगता येईना. सय्यदभाईंनी पुढे ‘दगडावरची पेरणी’ या आत्मकथनात हे सगळं लिहिलं. मंडळाच्या कामाचं मूळ असं एका घरातल्या दुखण्यात आहे, आणि म्हणूनच ते टिकलं असं मला वाटतं. नुसत्या तत्त्वाच्या ओढीने निघालेल्या संस्था पाचदहा वर्षांत दमतात.

मंडळाने तलाकचाच प्रश्न सर्वांत आधी हाती का घेतला, हे नीट समजून घ्यायला हवं. मारहाण आणि तलाक ही दोन निराळी दुखणी नव्हती. एका श्वासात संसार मोडायची मुभा ज्याच्या हाती आहे, त्याला हात उगारताना कसली भीती? आणि जिला ठाऊक आहे की तोंड उघडलं तर तीन शब्द ऐकून माहेरची वाट धरावी लागेल, ती पाठीवरचे वळ पदराखाली झाकते. माहेरीही जागा नसते. तिथे भाऊ-भावजयीचा संसार असतो. मंडळाकडे येणाऱ्या बायका तलाकची तक्रार घेऊन यायच्या. पण जिथे एका शब्दावर बाईला घराबाहेर काढता येतं, तिथे तिच्या तक्रारीमागे मारझोड, उपासमार, मेहेरचा, म्हणजे लग्नात कबूल केलेला पण न मिळालेला पैसा असं सगळं दडलेलं असणारच.

इथे धर्म काय म्हणतो हा प्रश्न टाळता येत नाही. नवरेही त्याचाच आधार घेतात. कुराणाच्या चौथ्या सूरहमधली, अन-निसामधली, चौतिसावी आयत ही या वादाची जागा. बेबनाव करणाऱ्या बायकोला आधी समजवावं, मग शय्या वेगळी करावी आणि शेवटी तिसरी पायरी, असा तिचा क्रम सांगतात. तिसऱ्या पायरीचा अर्थ जुन्या फिक्हकारांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, मारणं असाच घेतला, पण त्याला कुंपणं घातली: चेहऱ्यावर नाही, व्रण उठेल असं नाही. मक्केचे अता इब्न अबी रबाह यांच्यासारख्या सुरुवातीच्या काळातल्या विद्वानाने तर मारूच नये, रागावून थांबावं, असं मत दिलं. पैगंबरांनी आयुष्यात कधी बायकोवर वा नोकरावर हात उचलला नाही, अशी हदीस खुद्द हजरत आयशांच्या तोंडून आलेली आहे. घरच्यांशी चांगला वागणारा तोच तुमच्यात चांगला, असं सांगणारी हदीसही मशिदीत जाणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. त्याच सूरहमध्ये, लगेच पुढच्या आयतीत, भांडण विकोपाला गेलं तर दोन्हीकडून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलंय. बायकोला त्रास देण्यासाठी अडकवून ठेवू नका, असं दुसऱ्या सूरहमध्ये आहे. ही सगळी तजवीज मोहल्ल्यातल्या जमातीने आठवणीत ठेवली असती, तर मंडळाचं निम्मं काम कमी झालं असतं. चौतिसावी आयत तेवढी पुरुषांच्या लक्षात राहिली. पस्तिसावी राहिली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. 1939 सालच्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने बायकोला क्रूरतेच्या कारणावरून कोर्टातून तलाक घेण्याचा हक्क दिला. त्यात सतत मारहाण तर आहेच, शिवाय अंगाला हात न लावता वागणुकीने जगणं असह्य करणंही आहे. मनाच्या छळाचा शब्द आपल्या कायद्यात इतक्या लवकर आला तो मुस्लिम बायकांसाठी. विधेयक मांडणारे काझमी मुसलमान होते आणि त्यामागे मौलाना अशरफ अली थानवींनी इस्लामी कायद्याच्या मालिकी परंपरेतल्या मताचा आधार घेऊन केलेली खटपट होती, कारण नवऱ्यापासून सुटायला बायका धर्मच सोडू लागल्या होत्या. उलेमांनी ठरवलं तर वाट निघते, हे तेव्हा दिसलं. पुढच्या काळात त्यांनी ती हिंमत क्वचितच दाखवली.

हमीदभाईंचा रस्ता मात्र वेगळा. आयतींचा अर्थ लावत बसायचं नाही. बाई माणूस आहे, नागरिक आहे, तेवढं पुरे, असं ते धरून चालत. मुंबईचे असगर अली इंजिनिअर याच्या उलट कुराणातूनच बायकांचे हक्क काढून दाखवत. मला दोन्ही वाटा लागतात असं वाटतं. कोर्टात संविधान चालतं. पण रात्री सासूसमोर उभं राहायला त्या सुनेला, माझा धर्म मला मार खायला सांगत नाही, एवढा आधार हवा असतो.

1971 मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद झाली. बुरख्यातल्या, बिनबुरख्याच्या बायका व्यासपीठावर चढून स्वतःची हकीकत सांगू लागल्या, हे त्या काळात सोपं नव्हतं. 3 मे 1977 ला हमीदभाई मूत्रपिंडाच्या आजाराने गेले, वय पंचेचाळीसच्या आत. संस्था तिथेच संपायला हवी होती, पण मेहरुन्निसाभाभींनी ती उचलून धरली. ‘मी भरून पावले आहे’ या त्यांच्या आत्मकथनात त्या संसाराचं आणि त्या कामाचं सगळं मोजमाप आहे. कोल्हापुरात हुसेन जमादारांनी काम उभं केलं. मुस्लिम बायकांवर सिनेमाबंदी आली तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मोर्चाने त्यांना थिएटरात नेलं. सिनेमा क्षुल्लक वाटेल. पण बाईने कुठे जायचं हे जमात ठरवू लागली की घरात तिला कसं वागवायचं हेही तीच ठरवते.

1985 हे मंडळाचं सर्वांत धगधगतं वर्ष. 23 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या, तलाक मिळालेल्या शाहबानोला पोटगी मंजूर ठेवली. रक्कम होती महिना 179 रुपये 20 पैसे. एवढ्याशा रकमेवरून देश पेटला. त्याच वर्षी भाभी, सय्यदभाई आणि साथी तलाक मुक्ती मोर्चा घेऊन कोल्हापूरहून नागपूरला निघाले. वाटेत विरोध झाला, शिव्या पडल्या, तरी तलाक मिळालेल्या बायका गावोगाव बोलत राहिल्या. 1986 मध्ये सरकारने कायदा करून तो निकाल बोथट केला. मंडळाच्या वाटचालीतला हा सर्वांत कडू घोट. पुढे कोर्टांनीच थोडंथोडं परत मिळवून दिलं: 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात नवऱ्याने इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेच्या, काळातच पुढच्या आयुष्याची तजवीज द्यावी असा अर्थ लावला गेला, तर 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात म्हटलं की तलाक दिला असं नुसतं सांगून भागत नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. त्या निकालात पस्तिसाव्या आयतीतले मध्यस्थ पुन्हा दिसतात.

22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयात तिहेरी तलाक घटनाबाह्य ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये भाभी गेल्या होत्या. निकाल त्यांना पाहता आला नाही, ही चुटपुट राहते. सय्यदभाईंना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2022 मध्ये तेही गेले. आज शमसुद्दीन तांबोळी आणि त्यांचे सहकारी मंडळ चालवतात. 2019 च्या कायद्याने तिहेरी तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. इथे माझं मत थोडं वेगळं पडतं. नवरा आत गेला की चूल कशावर पेटणार याचं उत्तर त्या कायद्यात पुरेसं नाही, आणि तलाक न उच्चारता रोज मारणाऱ्याला तो हातच लावत नाही.

तिथे खरा उपयोगी आहे तो कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा. ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेला हा कायदा धर्म विचारत नाही. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहायचा हक्क मागता येतो. दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज गेला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, साठ दिवसांत निकाल लागावा, असं त्यात लिहिलेलं आहे. तालुक्याच्या कोर्टात हे वेळापत्रक किती पाळलं जातं ते तिथे चकरा मारणाऱ्या बायकांना विचारावं.

हे दातिवऱ्यातून पाहिलं की अंतराचं गणित कळतं. वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्यासमोर वसलेलं हे गाव. इथली बाई तक्रार घेऊन निघाली तर एस.टी.ने सफाळे, तिथून गाडी पकडून पालघर. 2014 च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला नसता तर मुख्यालयासाठी ठाण्यापर्यंतची खेप. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, पोरं शेजारी ठेवावी लागतात आणि गावभर कळतं की ही कोर्टात गेली. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत राहणाऱ्या, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कुटुंबांतल्या बायकांना तर मराठी अर्जही परका आणि माहेर दोन दिवसांच्या गाडीवर.

पुण्यात मंडळाने केलं ते मोठ्या अधिवेशनांइतकंच छोट्या कामांत आहे: बाईचं ऐकून घेणं, अर्ज लिहून देणं, सोबत पोलीस ठाण्यात जाणं, जमातीच्या पुढाऱ्यासमोर तिच्या बाजूने बसणं. पालघर जिल्ह्यालाही हेच हवं आहे. बाईला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मशिदीच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर उर्दू, हिंदी, मराठीत लावावं. संरक्षण अधिकाऱ्याने आठवड्यातून एक दिवस सफाळ्यात आणि एक दिवस बोईसरला बसावं, बाजाराच्या दिवशी, म्हणजे भाजी आणायला निघालेल्या बाईला कुणाला कारण सांगावं लागणार नाही. आणि शुक्रवारच्या खुतब्यात एखाद्या इमामाने पस्तिसावी आयत वाचून दाखवावी.