कमाल भूत्वरण: एका आकड्याची कुळकथा

भूकंपाचा हादरा एका आकड्यात सांगण्याची खटपट जपानमध्ये, कोलमडलेल्या थडग्यांपाशी सुरू झाली. १८९१ च्या नोबी भूकंपानंतर जॉन मिल्न आणि फुसाकिची ओमोरी अशा आडव्या झालेल्या दगडांवरून हिशेब मांडू लागले. दगडाच्या रुंदीला उंचीने भागायचे, गुरुत्वीय त्वरणाने गुणायचे, की जमिनीच्या त्वरणाचा अंदाज येई. तोशिकाता सानो यांनी हा विचार इमारतींच्या गणितात आणला. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल. १९२३ च्या कांटो भूकंपानंतर जपानने इमारतीच्या वजनाच्या १० टक्के आडवा भार धरण्याचा नियम केला.

१९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला जोरदार हादऱ्याचे आलेख प्रथमच उपकरणांवर उमटले. त्यांतले सर्वांत उंच टोक वाचायला सोपे. तेच कमाल भूत्वरण, अभियंत्यांच्या बोलण्यातले पीजीए. पण ते टोक क्षणभराचे. हादरा किती वेळ चालला, जमीन संथ हेलकावली की भराभर थरथरली, हे त्यातून कळत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयना धरणातल्या उपकरणाने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाच्या ६३ टक्के त्वरण नोंदवले. संकल्पनात धरले होते ५ टक्के. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. कोयनानगरची घरे मात्र पडली, माणसे दगावली.

मेक्सिको सिटीची गोष्ट मला याहून भयंकर वाटते. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचे केंद्र शहरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, आणि तिथले गाजलेले कमाल त्वरण गुरुत्वाच्या जेमतेम १७ टक्के. पण शहराचा मध्यभाग आटवलेल्या तळ्याच्या चिखलावर वसलेला. ती माती सुमारे दोन सेकंदांच्या लयीत, बराच वेळ डोलत राहिली. ज्या मध्यम उंचीच्या इमारतींची लय तिच्याशी जुळली त्या कोसळल्या, हजारो माणसे गेली.

लय मोजण्याची कल्पना मॉरिस बियो यांनी १९३२ मध्येच मांडली होती. वेगवेगळ्या आवर्तनकालांच्या रचना एकाच हादऱ्याला कसा प्रतिसाद देतील, ते दाखवणारा हा प्रतिसाद वर्णपट. हादऱ्याचा कालावधी मात्र त्यातही थेट दिसत नाही. म्हणून १९७० मध्ये आर्तुरो आरियास यांनी सबंध आलेखातल्या त्वरणाच्या वर्गांची बेरीज करणारे माप सुचवले. कमाल भूत्वरणाचा जुना आकडा तरीही हटला नाही. आयएस १८९३ या भारतीय भूकंप मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत, कोयना ज्यात येई त्या चौथ्या झोनला कमाल भूत्वरणावर आधारलेला ०.२४ हा गुणांक होता. मातीनुसार वर्णपटाचा आकार बदले, त्याची उंची ठरे या गुणांकावरून.