एका इंजिनाची अट

३१ मार्च १९३१. तुम्ही कॅन्ससच्या मोकळ्या माळावर उभे आहात. आभाळ खाली उतरलंय. ढगांत कुठेतरी तीन इंजिनांची घरघर ऐकू येते, अचानक तिचा सूर बिघडतो आणि ढगांतून फॉकर एफ-१० कोसळताना दिसतं. त्याचा एक पंख तुटून वेगळा झालेला आहे. विमानातले आठही जण दगावतात. त्यांत फुटबॉलचा नामांकित प्रशिक्षक न्यूट रॉकनी आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सारी अमेरिका एकच गोष्ट विचारते: उडत्या विमानाचा पंख मोडतोच कसा?

पंख लाकडाचा होता, सरसाने चिकटवलेला. आत ओल शिरली की सांधा सुटत जातो आणि वरच्या प्लायवूडवर त्याची खूणही उमटत नाही. आता असे पंख वरचेवर उघडून तपासायचे, असा सरकारी हुकूम निघतो. तो खर्च कंपन्यांच्या आवाक्याबाहेरचा. लाकडी प्रवासी विमानाचे दिवस भरले आहेत.

आता ऑगस्ट १९३२ मध्ये या. कोसळलेलं विमान ज्या टीडब्ल्यूए कंपनीचं होतं, तिच्या जॅक फ्रायचं एक छोटंसं पत्र विमानं बांधणाऱ्या डोनाल्ड डग्लसच्या टेबलावर पडलंय. बोइंगचं नवं धातूचं विमान फ्रायला मिळत नाही, कारण पहिली साठ विमानं युनायटेड या दुसऱ्या विमान कंपनीसाठी राखून ठेवलेली आहेत. त्याला हवंय संपूर्ण धातूचं, तीन इंजिनांचं, बारा प्रवाशांचं विमान. शिवाय एक अट आहे: टीडब्ल्यूएच्या कुठल्याही विमानतळावरून, पूर्ण वजनानिशी, एक इंजिन बंद पडलं तरी उड्डाण झालं पाहिजे.

डग्लसची माणसं ठरवतात, दोनच इंजिनं लावू. हे धाडस नीट समजून घ्या. तिनांतलं एक गेलं तर दोन तृतीयांश ताकद उरते. दोनांतलं एक गेलं तर निम्मीच. त्या निम्म्या ताकदीवर विमान उचलायचं, तर हवेला अडवणारी प्रत्येक गोष्ट काढून टाकावी लागणार. माझ्या मते त्या दशकातली सगळ्यात मोलाची ओळ हीच अट आहे. पुढचं सारं तिच्यातून निघालं.

याच वर्षीच्या ऑक्टोबरात जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरतात. त्यांच्या ‘पुस मॉथ’ विमानाचे पंख लाकडाचे आणि कापडाने मढवलेले आहेत. जगभर तेव्हा अशी विमानं सर्रास उडत होती.

१ जुलै १९३३ची दुपार. सांता मोनिकाच्या क्लोव्हर फील्डवर डग्लसचं नवं विमान, डीसी-१, उन्हात चकाकतंय. पंखावरून हात फिरवा. रिव्हेटच्या रांगा बोटांना लागतील. बाहेरून एकही तार नाही, एकही टेकू नाही. हा पत्रा नुसतं आवरण नाही, भार तोच पेलतो. आत जॅक नॉर्थ्रॉपच्या पद्धतीचे, पोळ्यासारखे कप्पे आहेत. एका कप्प्याला तडा गेला तरी शेजारचे भार उचलतात. कॅन्ससच्या माळावरच्या प्रश्नाला हे उत्तर आहे.

पंख आणि धड जुळतात तिथला गुळगुळीत, गोलसर भराव पाहा. त्या कोपऱ्यात हवा गिरक्या घेते आणि मागची शेपटी थरथरवते, हे कॅलटेकच्या वातबोगद्यात कळलं. बाहेरचे पंख किंचित मागे झुकवलेत तेही तिथल्या चाचण्यांनंतरच. इंजिनांभोवतीचं धातूचं कडं फ्रेड विक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये लँग्लेच्या सरकारी प्रयोगशाळेत घडवलं. तेवढ्या कड्याने लॉकहीडच्या एका विमानाचा वेग ताशी २५३ किलोमीटरवरून २८५ वर गेला होता, इंजिन तेच ठेवून! चाकं पोटात घेता येतात, पण पूर्ण नाही. थोडी बाहेर राहतात, म्हणजे पोटावर उतरायची वेळ आली तरी धड वाचतं.

आत शिरा. ताठ उभं राहता येतं. बोइंगच्या त्या नव्या विमानात पंखाची तुळई वाटेत आडवी येते, प्रवासी ती ओलांडून जातात. इथे ती पायांखाली गेली आहे.

वैमानिक कार्ल कव्हर विमान उचलतो. नाक वर होताच दोन्ही इंजिनं खोकतात. नाक खाली केलं की पुन्हा चालतात, वर केलं की पुन्हा गुदमरतात. खाली उभ्या कामगारांबरोबर तुमचाही श्वास अडकतो. थोडं चढत, थोडं झुकत कव्हर उंची मिळवतो आणि विमान सुखरूप खाली आणतो. दोष कार्ब्युरेटरच्या फ्लोटमध्ये, म्हणजे इंधनाची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागांत, निघतो: ते असे बसवले होते की नाक वर झालं की इंधन तुटायचं. फ्लोट फिरवून बसवतात आणि प्रश्न मिटतो.

खरी परीक्षा सप्टेंबरात, ॲरिझोनातल्या विन्स्लोला. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच आहे. इथली हवा विरळ, म्हणून पंखांना आधार कमी आणि इंजिनाला दमही कमी. धावपट्टीवर वेग घेतल्यावर एक इंजिन मुद्दाम बंद केलं जातं. उरलेल्या पंख्याची पाती आता लहान कोनात आहेत, इंजिनाला पूर्ण फेरे घेऊ देणारी. वर गेल्यावर तीच पाती मोठ्या कोनात वळवता येतात. जुन्या, कोन न बदलणाऱ्या पात्यांना हे कधीच जमलं नसतं. विमान जमीन सोडतं, सावकाश चढतं, खंडाचा जलविभाजक डोंगर ओलांडतं आणि त्या एकाच इंजिनावर अल्बुकर्कला पोहोचतं. अट पुरी झाली.

शेवटचा मुक्काम अलाहाबाद, ऑक्टोबर १९३४. लंडन ते मेलबर्न शर्यतीतल्या विमानांना इथे थांबणं सक्तीचं आहे. पुढे धावतंय डी हॅविलंड कॉमेट, दोघांपुरतं, केवळ शर्यतीसाठी बांधलेलं आणि लाकडाचं, जिंकणार तेच. त्याच्या मागून डच विमान कंपनी केएलएमचं ‘उइव्हर’ उतरतं. ते डीसी-२ आहे, डीसी-१चं थोडं लांबवलेलं रूप. त्यात टपालाच्या थैल्या आहेत आणि तिकीट काढून बसलेले प्रवासी. ते या शर्यतीत दुसरं येतं, आणि तेही वाटेत मागे राहिलेल्या एका प्रवाशाला घ्यायला एकदा परत फिरून.