पर्यवेक्षित मुक्तता

अमेरिकेच्या संघीय फौजदारी कायद्यानुसार कारावास भोगून झाल्यावर, न्यायालयाने घातलेल्या अटी पाळून व परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घालवावयाचा काळ. पॅरोलमुळे कैदी मुदतीपूर्वी सुटतो. ही मुक्तता मात्र कारावास संपल्यावर सुरू होते.

मादक पदार्थांच्या गुन्ह्यांपुरते तिचे मूळ १९७० च्या कायद्यातील विशेष पॅरोलमध्ये आढळते. १९८४ च्या शिक्षासुधारणा अधिनियमाने नव्या गुन्ह्यांसाठी संघीय पॅरोल बंद केला. हा बदल १ नोव्हेंबर १९८७ पासून अंमलात आला. १९८६ च्या अधिनियमाने मादक पदार्थांच्या व्यापाराबद्दल पदार्थ व त्याचे प्रमाण यांनुसार किमान १ ते ५ वर्षांचे पर्यवेक्षण विहित केले.

गुन्हा न करणे, मादक पदार्थ न बाळगणे, सुटकेनंतर १५ दिवसांत एकदा व पुढे किमान दोनदा तपासणी करून घेणे, या प्रमुख अटी होत. गुन्हेगाराकडून पुढे मादक पदार्थांच्या गैरवापराचा धोका कमी असल्यास न्यायालय तपासणीची अट शिथिल करू शकते. अटभंगाचा निर्णय ज्यूरीविना होतो आणि त्यास फौजदारी खटल्यापेक्षा कमी प्रतीचा पुरावा पुरतो. मुक्तता रद्द झाल्यास बाहेर काढलेला काळ नव्या कारावासातून वजा होत नाही. त्यामुळे पुनर्वसनासाठी योजलेली व्यवस्थाच पुन्हा तुरुंगाकडे नेते, अशी टीका होते. मुक्तता रद्द करताना मूळ गुन्ह्याबद्दलच्या प्रतिशोधाचा विचार करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एस्टेरस खटल्यात दिला.