पुरणाच्या सोबतीला

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या आमच्या घरी महालक्ष्म्या जेवतात, तेव्हा पुरणपोळी असतेच. पण घराणं कुठलं, हे कळतं पानातल्या बाकीच्या पदार्थांवरून. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं भोपाळला आली. इंदूर-ग्वाल्हेरकडचीही आली. प्रत्येकाने आपापली रीत आणली.

सासूबाई नागपूरच्या. त्यांना आंबील हवीच. ज्वारी ओलवून भरड काढायची, कण्या रात्रभर ताकात भिजवायच्या, सकाळी मंद आचेवर सतत ढवळत शिजवायच्या, वरून खोबऱ्याचे काप. "अगं, ताक आंबटच घे," हे दरवर्षी ठरलेलं. शिवाय सोळा भाज्यांची एकत्र भाजी, कढी, वडे आणि देवींच्या वर टांगलेला फुलोरा.

माझं माहेर पुण्याचं. तिथे पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढून, गोडा मसाला घालून कटाची आमटी करतात. तिच्याशिवाय पान मला अपुरं वाटतं. कोकणातल्या जाऊबाईंकडे गौरींना घावन-घाटलं.

मी आंबील आणि आमटी दोन्ही करते. वेळ नाही म्हणून आंबील वगळणं मला मुळीच पटत नाही. लेकीला मी आधी तीच शिकवली.