केनर्डबाईंची दोन पत्रं

२६ डिसेंबर १८८१ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइनहून कॅरोलाइन केनर्ड यांनी चार्ल्स डार्विन यांना एक पत्र लिहिलं. बॉस्टनच्या एका महिला मंडळात स्त्रियांच्या स्थानावर चर्चा झाली होती. स्त्री ही पुरुषापेक्षा कनिष्ठ आहे, पूर्वीही होती आणि पुढेही राहील, असा दावा तिथे शास्त्राचा हवाला देऊन केला गेला होता, आणि त्यासाठी डार्विन यांच्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’कडे बोट दाखवलं गेलं होतं. केनर्डबाईंची विनंती मोजक्या शब्दांत होती. यात चूक झाली असेल, तर तुमच्या मताला जे वजन आहे ते पाहता ती दुरुस्त व्हायला हवी.

हे पत्र, डार्विन यांनी ९ जानेवारी १८८२ रोजी दिलेलं उत्तर आणि त्यावर केनर्डबाईंनी २८ जानेवारीला लिहिलेलं प्रत्युत्तर असे तिन्ही मजकूर आज आपल्याला वाचायला मिळतात. आदिम काळात बाईचं काम कोणतं आणि पुरुषाचं कोणतं, याबद्दल उत्क्रांतीच्या नावाने जे सांगितलं जातं त्याची घडण तपासायला ही तीन पत्रं मला अतिशय मोलाची वाटतात. ग्रंथात जे ठाम दिसतं, ते पत्रात डळमळतं.

आधी ग्रंथ पाहू. तो फेब्रुवारी १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या दुय्यम लैंगिक लक्षणांवरच्या प्रकरणात डार्विन स्त्री-पुरुषांच्या बुद्धीकडे वळतात. त्यांचा युक्तिवाद असा: आदिम पुरुषांना जोडीदार मिळवण्यासाठी आपसांत झुंजावं लागे, बायकामुलांचं रक्षण करावं लागे, शिकार करावी लागे, हत्यारं घडवावी लागत. यासाठी नुसतं बळ पुरत नाही. निरीक्षण, तर्क, कल्पकता, चिकाटी हे सगळं लागतं. हे गुण पुरुषाच्या भर वयात कसाला लागत आणि ज्या वयात, ज्या लिंगात ते कसाला लागले त्याच वयात, त्याच लिंगाच्या संततीत मुख्यतः उतरत. म्हणून पुरुष बुद्धीने पुढे गेला. आई-बापांचे गुण मुलगा-मुलगी दोघांतही उतरतात हे बरं झालं, नाहीतर मोराचा पिसारा आणि लांडोरीची पिसं यांत जेवढा फरक, तेवढा स्त्री-पुरुषांच्या बुद्धीत पडला असता, असंही ते लिहितात.

या मांडणीखाली पुरावा कोणता होता? एक होता तो नामवंतांच्या याद्यांचा. काव्य, चित्रकला, संगीत, इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान यांतल्या थोर पुरुषांची आणि थोर स्त्रियांची यादी शेजारी शेजारी ठेवली तर दोन्हींची तुलनाच होणार नाही, असं डार्विन म्हणतात, आणि गॅल्टन यांच्या १८६९ च्या आनुवंशिक प्रतिभेवरच्या पुस्तकाचा आधार घेतात. ज्या देशात केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदवी देत नव्हतं, रॉयल सोसायटीत एकही स्त्री सभासद नव्हती, त्या देशातली ही यादी होती. प्रत्यक्ष आदिम काळाबद्दलचा पुरावा मात्र जवळपास शून्य. फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या गारगोटीच्या हत्यारांना विद्वानांची मान्यता मिळून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. ती हत्यारं कुणाच्या हातची, हे सांगण्याचं कोणतंही साधन नव्हतं. म्हणजे व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधल्या फरकाचं कारण आदिम काळात शोधलं गेलं आणि तो आदिम काळ त्याच फरकावरून रचला गेला.

आता उत्तराकडे येऊ. वाफेच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला तेव्हा आठ-दहा दिवस लागत. तेव्हा पत्र हाती पडताच डार्विन यांनी फार वेळ न घालवता उत्तर लिहिलं असणार. ते बहात्तर वर्षांचे होते आणि हृदयविकार सुरू झाला होता. एका अनोळखी बाईला त्यांनी टाळलं नाही, याचा मला आदर वाटतो. प्रश्न फार अवघड आहे, अशी त्यांनी सुरुवात केली. स्त्रिया नैतिक गुणांत साधारणपणे पुरुषांहून सरस आहेत पण बुद्धीने उण्या आहेत, हे मत त्यांनी कायम ठेवलं. आनुवंशिकतेचे नियम मला नीट कळले असतील तर, अशी पुस्ती जोडून, बायकांना पुरुषांची बरोबरी गाठणं कठीण दिसतं, असं सांगितलं.

त्यापुढचं वाक्य मात्र पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे. मुळात, आणि ‘रानटी’ म्हटल्या जाणाऱ्या समाजांत आजही, स्त्री-पुरुष या बाबतीत समान होते असं मानायला काही आधार आहे, असं डार्विन लिहितात. ग्रंथात त्यांनीच म्हटलं होतं की पुरुष हा शरीराने आणि मनानेही स्त्रीहून बलवान असतो आणि रानटी अवस्थेत तो तिला कुठल्याही प्राण्यातल्या नरापेक्षा अधिक हीन दास्यात ठेवतो. दोन्ही विधानं एकाच माणसाची आहेत आणि त्यांच्यात अकरा वर्षांचंही अंतर नाही. शिकारीने आणि झुंजीने पुरुषाची बुद्धी धारदार केली असेल, तर जे समाज आजही शिकारीवर जगतात तिथे हा फरक सर्वांत ठळक दिसायला हवा. पत्र सांगतं, तिथेच तो नाही. ग्रंथातल्या स्पष्टीकरणाचा पायाच या एका वाक्याने निखळतो. डार्विन यांनी ही विसंगती स्वतः टिपल्याची खूण पत्रात नाही. ते लगेच पुढे जातात. ही समानता परत मिळवायची तर बायकांना पुरुषांसारखंच नियमित मिळवतं व्हावं लागेल आणि मग मुलांच्या शिक्षणाचं आणि घरच्या सुखाचं मोठं नुकसान होईल, अशी शंका व्यक्त करून ते थांबतात.

केनर्डबाईंनी नेमकं हेच धरलं. त्यांचा सवाल असा की घरात मिळवतं कोण? नवरा आठवड्याचे ठरलेले तास काम करून तुटपुंजी कमाई बायकोच्या हाती देतो. ती पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, पै-पै पुरवून वापरते आणि वर बाहेरची कामं करून किंवा घरी कामं आणून त्यात भर घालते. मग हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा? आणि शेवटी त्यांनी डार्विन यांच्याच शास्त्राचा निकष पुढे ठेवला. स्त्रीला पुरुषासारखी परिस्थिती आणि पुरुषासारखी संधी मिळू द्या आणि त्यानंतरच तिच्या बुद्धीचा निवाडा करा. प्राण्यावर परिस्थितीचा परिणाम होतो हे ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांच्याकडे ही मागणी होती. माझ्या मते या पत्रव्यवहारात वैज्ञानिक शिस्त केनर्डबाईंनी अधिक पाळली. १९ एप्रिलला डार्विन वारले.

हा आक्षेप एकट्या केनर्डबाईंचा नव्हता. अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल यांनी १८७५ मध्येच एका पुस्तकात डार्विन यांना उत्तर दिलं होतं. नरात जे वाढतं ते सूक्ष्मपणे मोजलं जातं आणि मादीत जे वाढतं ते मोजलंच जात नाही, असा त्यांचा रोख होता. त्याआधी १८६९ मध्ये त्यांनी आपलं पहिलं पुस्तक डार्विन यांना पाठवलं होतं. पोच देणाऱ्या पत्रात डार्विन यांनी त्यांना पुरुष समजून संबोधलं.

तरीही शिकारी पुरुषाची गोष्ट टिकली. १९६६ मध्ये शिकागोत शिकारी-संकलक समाजांवर परिषद भरली आणि १९६८ मध्ये तिच्या ग्रंथाला नावही ‘मॅन द हंटर’ असंच मिळालं. आपली बुद्धी, आवडीनिवडी, भावना हे सारं शिकारीने घडवलं, असा निबंध त्यात होता. त्याच ग्रंथात रिचर्ड ली यांनी कलाहारीतल्या कुंग लोकांच्या अन्नाचा हिशेब दिला होता. वजनाने त्यातलं बहुतांश अन्न वनस्पतींचं होतं आणि ते मुख्यतः बायका गोळा करत. सॅली स्लोकम यांनी १९७१ मध्ये हा विरोधाभास उघड मांडला. पुढे लुझॉन बेटावरच्या आग्टा बायका धनुष्यबाण आणि कुत्रे घेऊन रानडुकरं आणि हरणं मारतात, याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. अर्थात आज पाहिलेल्या बहुतेक शिकारी समाजांत मोठी शिकार प्रामुख्याने पुरुषच करतात, हेही तितकंच खरं आहे.

२०१८ मध्ये पेरूतल्या विलामाया पात्झा इथे, सुमारे ३,९०० मीटर उंचीवर, नऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. सोबत शिकारीची दगडी पाती आणि कातडं कमावण्याची हत्यारं होती. दाताच्या लुकणातल्या (एनॅमलमधल्या) प्रथिनांवरून ती व्यक्ती सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी असल्याचं ठरलं. संशोधकांनी मग अमेरिका खंडांतली ४२९ जुनी दफनं तपासली. मोठ्या शिकारीच्या हत्यारांसह पुरलेल्या २७ जणांत त्यांना ११ स्त्रिया आढळल्या. हे आकडे लहान आहेत. काही दफनांतला हत्यारांचा संबंध आणि काहींतलं लिंगनिदान दोन्ही कच्चं आहे, अशी हरकतही घेतली गेली. ती योग्यच आहे, कारण थडग्यातली वस्तू पुरणाऱ्यांनी ठेवलेली असते. मात्र शेजारी भाल्याचं पातं दिसलं एवढ्यावरून सांगाड्यापुढे ‘पुरुष’ लिहून टाकण्याची सोय आता पुरातत्त्वज्ञांना उरलेली नाही.